मा डेल्फीनचं ताट

वर्लिन संग्रहालयात शिरली ती भांडायच्या तयारीनंच. तिकीट काढायचा प्रश्नच नव्हता. स्वतःच्या आईचं ताट बघायला कुणी तिकीट काढतं का?

कॅरियाकू बेटावरच्या त्या गावचं संग्रहालय म्हणजे जुन्या पोलीस चौकीच्या दोन खोल्या. ते सांभाळणारा ऑल्स्टन पायरीवर बसून निवांत संत्रं सोलत होता. गर्दीनं त्याला आजवर कधी त्रास दिलेला नव्हता.

"ये टॅन्टी, ये!" तो म्हणाला. वर्लिन साऱ्या गावाचीच टॅन्टी, म्हणजे मावशी. "आज इतिहासाची आठवण कशी झाली?"

"इतिहास गेला खड्ड्यात. माझ्या आईचं ताट परत दे."

"दिलेली वस्तू परत मिळत नाही. समितीचा ठराव आहे. अध्यक्ष म्हणून सही तुझीच आहे."

"माझी सही मलाच दाखवतोस होय रे?"

ताटही तिनंच दिलं होतं, लांबलचक भाषण ठोकून आणि फोटो काढून घेऊन. पांढरं, निळ्या काठाचं, जागोजागी टवके उडालेलं. मा डेल्फीन त्यात जन्मभर जेवली, आणि मेल्यावरही जेवत होती. घरात काही कार्य निघालं की पितरांचं पान त्याच ताटात वाढलं जाई. मग त्याच रात्री म्हातारी लेकीच्या स्वप्नात येई आणि स्वयंपाकाला यथेच्छ नावं ठेवून जाई. बेटावर सगळ्यांचेच पितर असे येतात. कुणाला मासळी हवी असते, कुणाला रम.

पण ताट गेलं आणि म्हातारीचं येणंच थांबलं. वर्लिननं नव्या कोऱ्या ताटात पान वाढून पाहिलं. आई फिरकली नाही. शिव्या खायला का होईना, पण आई भेटत होती. आता तेही नाही. या वयात आपल्याला इतकं पोरकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

आतल्या खोलीत टेबल मांडलं होतं. पांढरं कापड, मेणबत्ती, रमची बाटली आणि मधोमध ते ताट. त्यात मक्याच्या पिठाच्या कू-कूचा पिवळा गोळा, तुरीचे दाणे, मटणाचा तुकडा. टॅन्टीनं वाकून वास घेतला. वास नाही. बोट लावलं. टणक.

"प्लास्टिक?"

"मग काय! खरं ठेवलं तर मुंग्या येतात."

"आणि हे ठेवलं तर माझी आई येऊन उपाशी जाते! पान मांडून तिला बोलावतोस आणि पुढ्यात प्लास्टिक वाढतोस? शेवटी तोंडात एक दात नव्हता रे तिच्या!"

"तरीच अजून संपलं नाही."

टॅन्टीनं छत्री उगारली. ऑल्स्टननं ती हसत हसत चुकवली, पण तिचे ओठ थरथरताना बघून त्याचं हसू मावळलं. शेवटी तोड निघाली. ताट हलणार नाही, पण एक रात्र त्यात खरं जेवण वाढायचं. संध्याकाळी टॅन्टी वाफाळतं पातेलं घेऊन आली, तिनं पान वाढलं, मेणबत्ती लावली.

"दार उघडं ठेव. तिला बंद दार चालत नाही."

"बकऱ्या शिरतील गं!"

"मग तू झोप इथं, हाकलायला."

सकाळी ती उजाडताच हजर झाली. तिच्या स्वप्नात कुणी आलं नव्हतं. ऑल्स्टन टेबलावर पाय टाकून जांभया देत होता. टॅन्टीनं कापडाची नसलेली सुरकुती नीट केली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? रात्री काही..."

त्याला रात्रभर डासांशिवाय कुणीही भेटलं नव्हतं. पण तिचा चेहरा बघून त्याच्यानं नाही म्हणवेना.

"आली होती. माझ्या स्वप्नात."

टॅन्टी बाक ओढून त्याच्यासमोर बसली. "काय म्हणाली?"

"म्हणाली, काय सुरेख रांधलंय माझ्या वर्लिननं! बोटं चाटून खाल्लं."

 टॅन्टी ताडकन उठली.

"थापाड्या! माझी आई, आणि सुरेख म्हणाली? अरे, ती आली असती तर..." तिनं कमरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि घोगऱ्या आवाजात कडाडली, "वर्लिन! हे कू-कू आहे की होडीच्या फटी बुजवायचं डांबर? मीठ काय शेजारणीला देऊन आलीस? आणि ए ढेरपोट्या, पाय खाली घे! जेवायचं टेबल आहे ते!"

ऑल्स्टननं दचकून पाय खाली घेतले. "चुकलो, मा डेल्फीन," तो बोलून गेला.

 टॅन्टीचा हात कमरेवरच राहिला होता. डोळे मात्र भरून वाहू लागले, आणि तिनं ते पुसले नाहीत.

ताटाची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही. कू-कूचा एक घास मोडून तोंडात टाकला, आणि रडता रडता हसून म्हणाली, "खरंच रे ऑल्स्टन, मीठ कमीच पडलंय."