हौदावरचे अकरा दिवस

आमच्या धुलाईघरात वरच्या दवाखान्यातून गाठोडी येतात. ऑपरेशनच्या चादरी, बाळंतिणींची अंथरुणं. त्यांवरचं रक्त काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. आधी गार पाणी, मग गरम. एवढं शास्त्र मला पुरलं. त्या रक्ताला कुणी नाक मुरडत नाही. मुरडायचं ते आमच्या रक्ताला. मुकादमाचा नियमच आहे: पाळी आली की बाईनं त्याच्या कानावर घालायचं आणि घडीच्या टेबलावरून उठून मागे हौदावर जायचं. का, तर पांढऱ्या चादरीला डाग लागेल. म्हणजे कंबर धरते त्याच दिवसांत ओली गाठोडी उपसायची. आम्ही मुकाट जात आलो. मीसुद्धा. माझी पाळी जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा कुठे मला राग यायला सवड मिळाली.

बारकी, आमच्यातली सगळ्यात नवी, अकरा दिवस हौदावर होती.

"मावशी, इतके दिवस चालतं का हो कुणाचं?" तिनं हळूच विचारलं. "तासाभरात पॅड भिजतं. गुठळ्या पडतात."

"आणि तू आज सांगतेयस?"

"आई म्हणते, लग्न झालं की थांबेल."

"लग्नानं माझं फक्त बोलणं थांबलं होतं, तेही वर्षभरच. चक्कर येते?"

ती गाठोडं उचलायला वाकली आणि तशीच हौदाच्या कडेवर बसली. ओठ चादरीसारखे पांढरे.

मी तडक मुकादमाकडे गेले.

"तिला वर डॉक्टरीणबाईंकडे पाठवा. आत्ता."

"सुट्टी कालच नाकारलीय. पाळी म्हणजे काय आजार आहे?"

"आजार नाही, तर हौदावर का धाडता?"

"नियम आहे, मावशी."

"बरं. मग कानावर घालते. माझीही आली."

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "तुमची?"

"का, तपासणार?"

मागून इस्त्रीवाली म्हणाली, "माझीपण." टेबलावरच्या दोघी उठल्या. "आमचीपण, साहेब. एकदमच आली बघा." पदर खोचून आम्ही चौघी हौदावर जाऊन उभ्या राहिलो. टेबल मोकळं पडलं.

पाच मिनिटांत वरून फोन आला: ऑपरेशनच्या चादरी कुठे अडल्या? मुकादमानं एक चादर स्वतः घडी घालून पाहिली. तिचं गाठोडंच झालं. इस्त्रीवाली खो-खो हसली. मग घाम पुसत त्यानं चिठ्ठी लिहिली आणि मी बारकीला धरून वर नेलं.

रक्त फार कमी झालं होतं. अजून दोन दिवस काढले असते तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाटल्या चढल्या, गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या महिन्यात बारकी टेबलावर चादर झटकत होती. मुकादम लांबूनच खाकरला.

"काय गं, तुझं ते...?"

"पाळी? सकाळीच आली." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली पोरगी. "जास्त वाटलं तर मी वर जाईन. हौदावर नाही जायची."

तो माझ्याकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "तिकडचं टोक धरा. मोठी चादर आहे."

त्यानं धरलं. जरा वाकडंच.