भुरी कुठंय?

वेंधळं माणूस मला दोन मिनिटं खपत नाय. क्रांती चौकातल्या माझ्या दुकानात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, सत्यशीलाबाईच्या टेबलाला हात लावला की शिव्या खाव्या लागतात. एकोणीस वर्षं लग्नांची शूटिंगं जोडतेय मी. आजवर एका नवरीचा उखाणासुद्धा गहाळ झाला नाय, असं मी ज्याला त्याला ऐकवत असते.

त्या दिवशी सकाळी सिल्लोडकडचे केरबामामा आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, अख्खी हयात मेंढरांमागं गेलेली. बरोबर त्यांची कॉलेजात शिकणारी लेक ज्ञानेश्वरी, आणि काखेत लॅपटॉप मारून हनुमान फोटोग्राफर.

"ताई, हनुमानदादाच्या कॅमेऱ्यानं मी वर्षभर आमची मेंढरं काढली," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मधीच आई गेली. लई लाजायची, कॅमेऱ्यापुढं कधी आली नाय. पण तिचा आवाज ह्यात हाय. दुसरीकडं कुठंच नाय. वर्षश्राद्धाला सगळ्यांना ऐकवायचाय."

हनुमानला दुपारी हर्सूलला लग्न होतं आणि लॅपटॉप गळ्यापर्यंत भरलेला. "मावशी, जल्दी करा. तुमच्याकडं उतरलं की मी इथलं पुसून टाकतो. जागाच नाय राहिली."

"घोड्यावर बसून आलास का रे?" म्हटलं. लॅपटॉपात दोन फोल्डर होते, कॅमेऱ्याच्या दोन कार्डांचे; कार्डं त्यानं कधीच पुसून लग्नांना वापरली होती. लॅपटॉप केबलनं जोडला आणि दोन्हीतलं सगळं माझ्या कॉम्प्युटरात एकाच ठिकाणी ओतलं. मधी कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, मी 'हो' दाबलं आणि चहा सांगितला. पाऊण तासानं काम संपलं.

"झालं. पूस," मी म्हणाले.

पडद्यावर सगळ्या क्लिपांची चित्रं मांडली होती, नखाएवढी एकेक. मला तर नुसते पांढरे-काळे ठिपके. मामा खुर्ची ओढून जवळ आले आणि एकेका ओळीवरून बोट फिरवू लागले. इकडं हनुमाननं दोन्ही फोल्डर निवडले, बोट बटणावर ठेवलं.

"थांब रं," मामा म्हणाले. "भुरी कुठंय?"

मी वैतागले. "मामा, दोन-अडीचशे मेंढरं, एखादी नसंल दिसत!"

"दिसायली की. ही बघा भुरी. ही बी. पण हिचं कोकरू भुईवर हाय. पोटात असतानाची भुरी कुठंय?" त्यांनी पडद्यावरून बोट उचललं. "पोरीची आई, म्हाळसा, होती तवा भुरी गाभण होती, बाई. ही सगळी ती गेल्यावरची मेंढरं हायेत."

मी चहाचा कप बाजूला ठेवला. लॅपटॉपातल्या फायली मोजल्या. पहिल्या कार्डात शहाण्णव, दुसऱ्यात एकशे एकतीस. माझ्याकडं नुसत्या एकशे एकतीस! दर कार्डावर कॅमेऱ्यानं पुन्हा एकपासून नंबर टाकले होते. दुसरं कार्ड ओतताना कॉम्प्युटर विचारत होता, ह्याच नावाच्या जुन्या फायली आहेत, त्यांच्या जागी नव्या ठेवू का? आणि मी शहाणी 'हो' म्हणाले होते. म्हाळसाबाई होत्या तेव्हाचं सगळं मी माझ्या हातानं पुसलं होतं. आता ते फक्त हनुमानच्या लॅपटॉपात होतं, आणि त्याचं बोट अजून बटणावर होतं.

"हात उचल!" मी अशी ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला आत डोकावला. हनुमान मागंच सरला.

मला लई लाज वाटली, खरं सांगते. हात जोडून म्हटलं, "मामा, चुकले मी." पण लाजेपेक्षा नवल मोठं होतं. अहो, नखाएवढ्या चित्रात, अडीचशे मेंढरांत, एका मेंढीचं पोट! मी ज्ञानेश्वरीला विचारलं, तर ती म्हणाली, "आम्ही मेंढरं मोजत नाय ताई. ओळखतो."

पहिलं कार्ड वेगळा फोल्डर करून पुन्हा उतरवलं. ह्यावेळी पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीवरची नजर हलवली नाय. मग मामांनी बोट ठेवलं ती क्लिप लावली.

माळ. चरणारी मेंढरं, सगळ्यांच्या माना खाली. मधी पोट सुटलेली भुरी. आणि कॅमेऱ्यामागून म्हाळसाबाईंचा आवाज आला, "हुर्र्र, याऽ याऽ!"

अडीचशे माना एकदम वर झाल्या. सगळी मेंढरं सरळ आमच्याकडं बघायला लागली. आमच्याकडं कसली, आमच्या पाठीमागं. ज्ञानेश्वरीनं वळून मागं पाहिलं. हनुमाननं पाहिलं. देवाशप्पथ, मीसुद्धा पाहिलं.

मामा तेवढे वळले नाहीत. पडद्यातून पुन्हा आवाज आला, "अवो, चला की आता! भाकर निवायली!"

"आलो, आलो," मामा म्हणाले, आणि घोंगडी सावरत उठून उभे राहिले.