डावी बाजू उघडेना

रविवारी दुपारी सिफू लाऊच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. खाली कॉफीचं दुकान, वर हे. जिन्यातच चपलांचा ढीग, आत पंखा बंद, कारण पंख्याची घरघर सिफूला चालत नाही. मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाऊनच्या उकाड्यात वीस-पंचवीस शिकलेली, कमावती माणसं घाम पुसत गादीवर बसलेली आणि समोर एका काळ्या मखमलीवर एक हेडफोन. चार टायर येतील एवढ्या किमतीची एक केबल त्याला लावायची आणि चमत्कार बघायचा, म्हणजे ऐकायचा. मीही तिथेच बसले होते, डोक्याला ताप झालेला होता तरी.

पेनांगमध्ये कुठल्याही कामातल्या उस्तादाला सिफू म्हणतात. गाडी दुरुस्त करणारा सिफू, नूडल्स परतणारा सिफू. त्यांना तो मान हातातल्या कामामुळे मिळतो. लाऊला मात्र पांढरा शर्ट, मनगटातले जेडचे मणी आणि हळू बोलण्यामुळे मिळाला. तो म्हणायचा, तांब्यालाही स्मृती असते. खाणीतून ओरबाडून काढताना त्याला जे दुःख झालं, ते तुमच्या गाण्यात उतरतं. मग सिफू त्या तांब्याला गोठवतो, मंद सूर ऐकवतो, त्याचं दुःख शांत करतो. हे ऐकताना आमचे दातांचे डॉक्टर फूआ चक्क डोळे टिपायचे. रोज माणसांचे दात उपटतात, पण तांब्याचं दुःख त्यांना बघवत नाही.

प्रयोग असा असे. आधी साधी केबल लावून एक गाणं. मग सिफू स्वतः उठणार, डोळे मिटणार, आपली केबल लावणार, पुन्हा तेच गाणं. ऐकणाऱ्याचा चेहराच बदलायचा. आवाज जवळ आला, गाणारीचा श्वास ऐकू येतो, पडदा सरकला. खोटं कशाला बोलू, मी ऐकलं तेव्हा मलाही फरक ऐकू आला. सगळी जिंदगी मुलींना भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवलेली बाई मी. दोन तांब्याच्या तारांत एवढा फरक पडायला नको, हे मला ठाऊक. पण कान म्हणत होता, पडलाय.

मला तिथे ओढून नेलं होतं ओई कियान टेकनं. हा माझा या छंदातला जुना सोबती. पोटापाण्याचा धंदा पियानो लावण्याचा. शाळांतले, चर्चमधले, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतले पियानो हा माणूस नुसत्या कानानं सुरात आणतो. दर शनिवारी आम्ही त्याच्या घरी दोघांचे हेडफोन घेऊन बसायचो. एकानं भिंतीकडे तोंड करून बसायचं, दुसऱ्यानं मागे काहीतरी बदलायचं आणि काय बदललं ते ओळखायचं. मी निम्म्या वेळा चुकायची. कियान टेक चुकल्याचं मला आठवत नाही. सगळ्या पेनांगमध्ये त्याला सोन्याच्या कानाचा म्हणायचे, आणि तो ते खाली मान घालून, पण आवडीनं ऐकून घ्यायचा.

चिनी नववर्षाच्या गडबडीत त्याला सर्दी झाली. सर्दी गेली आणि एका शनिवारी तो वैतागून म्हणाला, नव्या हेडफोनची डावी बाजू बसली. तिच्यावर कुणी घोंगडी टाकल्यासारखी वाटते, शिवाय बारीक शिट्टी वाजते. मी ऐकून पाहिलं तर मला दोन्ही बाजू ठीक. तो हसला, म्हणाला, थिलगा, तुला कसं कळणार. झालं, मी हेडफोन त्याला परत दिला. त्याच्या कानापुढे माझ्या कानाची काय पत्रास!

तो गेला सिफूकडे. सिफूनं हेडफोन हातात घेतला, कपाळाला लावला आणि निदान केलं, डाव्या केबलमधलं तांबं बेचैन आहे. नवी केबल घ्या. ती लगेच उघडणार नाही, तिला पिकू द्यावी लागेल. रात्रंदिवस गाणं वाजत ठेवा, आठवडे जातील, एक दिवस डावी बाजू फुलासारखी उघडेल. आता हे पिकण्याचं खूळ काही लाऊनं काढलेलं नाही. आमच्या सगळ्या हेडफोनवेड्या जमातीतच ते आहे. नवी वस्तू आणायची, ती आवडली नाही तर म्हणायचं, अजून पिकली नाही. आंबा पिकतो हे मला मान्य आहे, तार पिकते हे नाही. पण आमच्या लोकांना धीर धरण्याएवढं मोठं पुण्य दुसरं वाटत नाही.

कियान टेक नवी केबल घेऊन धीर धरून बसला. दर शनिवारी विचारलं की म्हणायचा, काल जरा उघडल्यासारखी वाटली. शिट्टी हेडफोन काढल्यावरही ऐकू येते, असं त्यानं सिफूला सांगितलं, तर सिफू म्हणाला, ती तुमच्या घरातल्या विजेची घाण. म्हणून भिंतीत लावायचा एक डबाही विकला. कियान टेकची बायको स्यू लान मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, हा माणूस हल्ली चिडका झालाय, दोनदा हाक मारली तरी ओ देत नाही. कॉफीच्या दुकानातही तो मला उठवून माझ्या डाव्या हाताला बसायला लागला होता. म्हणायचा, इकडे वारा बरा लागतो.

मग सेंट जॉर्ज रस्त्यावरच्या एका म्हातारीनं त्याला परत बोलावलं. त्यानं लावलेला पियानो बेसूर आहे म्हणाली. असं आजवर घडलेलं नव्हतं. तो दुसऱ्यांदा गेला, पुन्हा लावला, पुन्हा तक्रार. सिफूला विचारलं तर तो म्हणाला, खराब केबल ऐकून कानाला वाईट सवय लागली, आता याहून वरची केबल घ्या. आणि हा पियानोची सगळी अवजारं विकून ती घ्यायला निघाला! म्हणे, डावी बाजू उघडली की अवजारं पुन्हा घेता येतील. माझ्या संतापाचा पारा तिथे चढला. त्या रविवारी मी पिशवीत माझ्या हेडफोनसोबत फुकट आलेली केबल टाकली आणि निघाले. प्रयोगातला हेडफोन आणि माझा हेडफोन एकाच जातीचा होता, तेव्हा केबल बसणार हे नक्की होतं.

दुकानात मी सिफूला म्हटलं, आमच्या शनिवारचा खेळ इथे खेळू. डॉक्टर फूआ भिंतीकडे तोंड करून बसतील, केबल मी बदलीन. सिफू मंद हसला.

"चिकगू, शंका आली की सूर मिटतो."

चिकगू म्हणजे मास्तरीण. आमच्याकडे शिक्षकाला सगळे तसंच म्हणतात, पण त्यानं ते लहान मुलाला चुचकारावं तसं म्हटलं. मी म्हटलं, शंका मला आहे, ऐकणार डॉक्टर आहेत, त्यांचा सूर कशाला मिटेल? फूआंनी स्वतः सिफूच्या तीन केबली घेतल्या होत्या. ते छाती काढून भिंतीकडे वळले. लोकांनाही मजा वाटली, सिफूला नाही म्हणता येईना.

मी आधी सिफूची साधी केबल लावली. फूआ म्हणाले, ही साधी, मेलेली. मग मी माझ्या पिशवीतली फुकटची लावली. फूआंचे खांदे सैल पडले, मान डोलायला लागली.

"ही! ही सिफूंची. श्वास ऐकू येतोय बघा."

बाकी सगळे मात्र मी कुठली केबल लावली ते बघत होते. मग मी खरोखर सिफूची लावली. फूआ म्हणाले, हीपण तीच, पुन्हा कशाला लावलीत? म्हणजे त्याची महागडी केबल आणि माझी फुकटची, दोन्ही सारख्याच. वेगळी होती ती एकच, त्याची 'साधी'. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी त्या साध्या केबलच्या टोकावरचं धातूचं टोपण फिरवून काढलं. आत तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे झाळून बसवले होते, प्रत्येक बाजूला एक. रेझिस्टर. शाळेच्या प्रयोगशाळेत मी ते मुलींना मूठभर वाटते. विजेची वाट थोडी अडवायची, एवढंच त्यांचं काम. वाट अडली की आवाज किंचित उतरतो, इतका किंचित की हळू झाला असं कुणाला वाटत नाही, मेला असं वाटतं. नंतर अडथळा नसलेली कुठलीही तार लावा, आवाज जिवंत झाल्यासारखा वाटतो. माणसाचा कान असाच आहे, जरासं मोठं त्याला चांगलं वाटतं. सिफू आपली केबल चांगली करत नव्हता, दुसरी वाईट करून ठेवत होता.

सिफूची जीभ तरीही सरळ होईना. म्हणाला, हे मीच बसवलंय, अडाणी कानांना तांब्याचं दुःख समजावं म्हणून. आणि कपाळ माझं, ऐकणाऱ्यांतल्या दोघांनी मान डोलावली! फूआ केबल हातात धरून म्हणत होते, पण मला खरंच बरं वाटत होतं हो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, आणि तो कथलाचा आहे हे दाखवलं तरी माणूस म्हणतो, घातल्यावर शोभतो ना.

एवढ्यात कोपऱ्यातून कियान टेक उठला. तो हसत नव्हता, चिडलाही नव्हता. सगळ्यांदेखत त्यानं मला विचारलं.

"मग माझी डावी बाजू का उघडत नाही?"

हेडफोन ठीक होता, मी स्वतः ऐकला होता. केबल कुठलीच दोषी नव्हती. उरलं काय? मी त्यानं सोबत आणलेला हेडफोन उचलला, उलटा केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवायला गेले. त्यानं माझा हात धरला. डावं ते डावं, उजवं ते उजवं, म्हणाला. त्या हेडफोनच्या गाद्या कानाच्या ठेवणीप्रमाणे मागे जाड, पुढे पातळ असतात. तो उलटा घालणं म्हणजे आमच्या लोकांत देवळात चपला घालून जाण्यासारखं. म्हणूनच इतक्या आठवड्यांत त्यानं केबली बदलल्या, डबे बदलले, पण ही फुकटची गोष्ट केली नाही. मी त्याचा हात सोडवला आणि घातलाच. गाणं लावलं. आता डावीकडची बाजू त्याच्या उजव्या कानावर होती. दोष हेडफोनचा असता तर घोंगडी उजव्या कानावर यायला हवी होती.

तो डाव्या कानावर हात ठेवून हळूच म्हणाला, "इथेच आहे, थिलगा. ती इथेच आहे."

दुसऱ्या दिवशी स्यू लान आणि मी त्याला इस्पितळात नेलं. एका बंद खोलीत बसवून त्याच्या डोक्यावर जुनाट प्लास्टिकचा हेडफोन चढवला, ज्याला आमच्यातल्या कुणी हातही लावला नसता, आणि त्या हेडफोननं खरं काय ते सांगून टाकलं. डाव्या कानाची नस अचानक दुबळी झाली होती. डॉक्टरीण तरुण होती. कधीपासून, तिनं विचारलं. नववर्षाच्या सर्दीपासून, तो म्हणाला. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, पहिल्या पंधरा दिवसांत आला असतात तर गोळ्यांचा पुष्कळ उपयोग झाला असता. आता देऊन बघू. मग तिनं विचारलं, इतके दिवस थांबलात कशासाठी? केबल पिकायची वाट बघत होतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

थोडं ऐकू आलं परत, सगळं नाही. शिट्टी आहे तशीच आहे. अवजारं स्यू लाननं विकू दिली नव्हती, म्हणून शाळांचे पियानो तो अजून लावतो, उजवा कान पुढे करून. मोठ्या हॉलची कामं त्यानं स्वतःच सोडली. सिफूचं दुकान चालू आहे, गर्दी थोडी कमी झाली इतकंच. फूआंनी चौथी केबल घेतली असं ऐकते. मला कधीकधी वाटतं, जाऊन सगळ्यांना गदागदा हलवावं.

कियान टेक मात्र दर रविवारी तिथे खालच्या कॉफीच्या दुकानात बसतो. जिना चढणारा कुणी नवा माणूस दिसला की विचारतो, काय बिघडलंय. कुणी म्हणालं एक बाजू बसली, तर त्याला वर जाऊ देत नाही. आधी उलटा घाल, म्हणतो. एवढंच माझंही सांगणं आहे. गुरूनं कान फुंकण्याआधी वस्तू एकदा उलटी करून बघा. त्याला पैसा लागत नाही, आणि जे कळेल ते वाट बघण्याजोगं नसेल, तर त्याच दिवशी कळेल.