मेला म्हणून काढून टाकलेला टर्बो

मी मेलेलो नाही. हे आधी ऐकून घ्या, माझं नावगाव मग सांगतो. मी मेलो असं एका माणसाने सांगितलं, दुसऱ्याने ते डोळे मिटून मानलं आणि माझ्या मरणाचा आळ एका बाईवर आला. त्या बाईने मला कधी दुखवलंसुद्धा नव्हतं. पाच महिने मी पडवीतल्या कपाटावर बसून तिची बदनामी ऐकली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. मला तळपाय नाहीत, पण राग भरपूर आहे.

मी एका डिझेल गाडीचा टर्बो. टर्बो म्हणजे काय, हे गाडी चालवणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. माझ्या पोटात एक दांडा आहे आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटी चाकं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच्याबरोबर दुसरं फिरतं आणि ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो मी. माझ्यामुळे गाडी चढ चढते.

पुण्याकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला तोलून, फिरवून, परत तोलून मगच इंजिनाला जोडलं. माझी पाती इतकी नाजूक, की फिरताना एक खडा आत आला तरी मी संपलो. म्हणून हवा माझ्याकडे येण्याआधी एका काळ्या पेटीतून गाळून येते. त्या पेटीत कागदाची जाळी असते. पेटीला चार खटके असतात, ते नुसत्या बोटांनी उघडतात. पाना लागत नाही, शिक्षण लागत नाही, फक्त इच्छा लागते.

आमची गाडी वालावलला आली. मालक गुरुदास, कुडाळच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. दुकानात ते स्कूटरने जायचे, गाडी रविवारपुरती. त्यांची बायको कावेरी गावातल्याच शाळेत शिकवते. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली, कारण तिची आई हौसाबाई कुणकेश्वरला एकटी राहते. एसटीने तिकडे जायचं तर तीन गाड्या बदला आणि पोचेपर्यंत परतायची वेळ. गाडी हातात आल्यावर कावेरी दर शनिवारी शाळा सुटली की निघायची. आईचं डोकं धुऊन द्यायची, तिच्या गोळ्या डबीत भरायची, दोघी मिळून मासे करायच्या आणि मुक्काम करून रविवारी सकाळी ती परत यायची.

आता तिची एक सवय सांगतो. टर्बो तापलेला असताना इंजिन खाटकन बंद करू नये, मिनिटभर तसंच चालू ठेवावं, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय. ते पुस्तक आमच्या घरात फक्त कावेरीने वाचलं. मुक्कामाला पोचली की इंजिन चालू ठेवून ती पर्स आवरायची, चष्मा पुसायची, केस बांधायची आणि मग चावी फिरवायची. गुरुदास बाजूला असले की हसायचे, "झाला काय गो तुझा नट्टापट्टा?" स्वतः मात्र रेडीचा चढ एका दमात चढून बहिणीच्या दारात खाटकन गाडी बंद करायचे आणि चहाला पळायचे. मी आत होरपळायचो. तरी मी तक्रार केली नाही, मी दणकट आहे.

मग भातकापणी झाली आणि आंब्याच्या पेट्यांत घालायला लागणारा पेंढा मांगरात रचला गेला. मांगर म्हणजे शेतमाल ठेवायची शेड. गाडीही तिथेच, पेंढ्याला टेकून उभी असते. डिसेंबरातल्या एका शनिवारी आचऱ्याच्या पुढच्या चढावर कावेरीच्या लक्षात आलं, गाडी ओढत नाही. मागे काळा धूर. मी जीव तोडून फिरत होतो, पण माझ्यापर्यंत हवाच येत नव्हती. कावेरीने शहाण्यासारखी गाडी हळू हळू परत आणली आणि नवऱ्याला सांगितलं. गाडी हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजात गेली. तिथल्या मालकाला सगळे भाई म्हणतात.

तिथे शिवा नावाचा पन्नाशीचा कारागीर होता. त्याने पहिल्यांदा काळी पेटीच उघडली. आत पेंढ्याचं घरटं, काजूच्या साली आणि उंदराची चार गुलाबी पिल्लं. हवा यायची वाटच बुजलेली.

"भाई, ह्या बघा," शिवा म्हणाला. "उंदरान घर केल्यान हा. म्हणान गाडी ओढी नाय."

भाईने वाकून बघितलं. बघितलं, हे मी शपथेवर सांगतो! मग तो म्हणाला, "काडून टाक. आणि पेटी बंद कर."

शिवा काही बोलणार होता, पण बोलला नाही. त्याच्या गप्प राहण्याचाही मला राग आहे, पण त्याला घर चालवायचंय. भाईला काय चालवायचं होतं? त्याने खिशातून फोन काढला आणि एकदम कचेरीतल्या मराठीत सुरू झाला. "साहेब, टर्बो गेलाय. गाडी कोण चालवतं? मॅडम चालवतात? मग बरोबर. तापलेली गाडी अशी फटकन बंद करतात, टर्बो जळतो. लेडीजच्या हातात हे होतंच."

बहात्तर हजारांचं बिल झालं. त्यापेक्षा त्याच्याबरोबर फुकट आलेला तो निवाडा महाग पडला. कारण बिल गुरुदासांनी भरलं आणि निवाडा कावेरीने.

जुना भाग परत द्या, असं गुरुदासांनी निक्षून सांगितलं होतं. मला वाटलं, हा माणूस मला कुणाला तरी दाखवणार, खरंखोटं करणार. कसलं काय! त्यांनी मला पडवीतल्या कपाटावर ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. "ह्यो बघा आमच्या बायकोचो पराक्रम! बाहत्तर हजार!" पाहुणे हसायचे, कपातून चहा सांडेपर्यंत हसायचे. कावेरी आत स्वयंपाकघरात असायची. दुकानात, शाळेच्या हेडमास्तरांकडे, शेजारच्या गणपतकाकांकडे, सगळीकडे ही गोष्ट गेली. सासूलासुद्धा फोन करून लेकीची करणी सांगितली, "आये, तुमच्या चेडवान टर्बो खाल्ल्यान." आणि गाडीची चावी कावेरीकडून काढून घेतली. "आता गाडयेक हात लावू नको," एवढंच म्हणाले.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? कावेरीने ते खरं मानलं. एके दिवशी पडवीत कोणी नव्हतं, तेव्हा तिने मला खाली घेतलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "चुकला रे माझा. माका कळाक नाय." मी ओरडून सांगत होतो, बाई, तू सोडून या घरात मला कोणी सांभाळलं नाही! लोखंडाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

शनिवार येत होते आणि जात होते. शाळेचं काम, घरचं काम, तीन एसट्या. पाच महिन्यांत कावेरी दोनदाच कुणकेश्वरला जाऊ शकली. सुरुवातीला हौसाबाईच म्हणाली, "गाडी घेवन येव नको गो. जावयाक खर्च कित्याक?" पुढे पुढे फोनवर तिचा एकच प्रश्न यायचा, "ह्या शनवारी येतलंस मगो?" फोन ठेवला की कावेरी बराच वेळ तिथेच उभी राहायची. मी ते वरून बघायचो.

मे महिन्यात गुरुदास रेडीहून परत आले ते काळा धूर सोडत. पुन्हा तेच! गाडी ओढत नव्हती. घरात आल्या आल्या म्हणाले, "डिझेल खराब आसा." बघा हं, स्वतः चालवली तेव्हा डिझेल खराब. बायकोने चालवली तेव्हा बायको खराब.

त्यांनी पडवीतूनच भाईला फोन लावला. भाईने गाडी बघितलीसुद्धा नाही. "टर्बोच असणार साहेब. मॅडमनी परत चालवली का?"

गुरुदासांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अं... हो. चालवली असेल एकदा."

त्या क्षणी मी कपाटावरून त्यांच्या पायावर पडायला हवं होतं. पण ते करायची गरज पडली नाही, कारण कावेरी दारात उभी होती आणि तिने ते ऐकलं होतं. ती भांडली नाही. खुंटीवरची चावी घेतली आणि मांगराकडे गेली. गुरुदास मागोमाग. मला ती बरोबर घेऊन गेली नाही, पण मांगर पडवीला लागूनच आहे, मला सगळं दिसतं. तिने बॉनेट उघडलं, धूर आला तर आधी बघा असं पुस्तकात लिहिलेल्या काळ्या पेटीचे चार खटके बोटांनी काढले आणि झाकण उचललं. आतून पेंढा निघाला. मूठभर, मग आणखी एक मूठ. काजूच्या साली. तिच्या जुन्या ओढणीच्या चिंध्या. तिने ते सगळं गुरुदासांच्या पायाशी टाकलं, जाळी झटकली, पेटी लावली आणि गाडी देवळाच्या चढावर नेऊन आणली. धुराचा पत्ता नव्हता.

"मी पाच म्हयने चावयेक हात लावक नाय," ती म्हणाली. "मगे ह्या नव्याक कोणी मारल्यान?"

गुरुदास पायाशी पडलेला पेंढा चपलेने बाजूला सारू लागले.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन मालवणच्या बंदरावर गेली. तिथे लवू नावाचा माणूस मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने माझा दांडा चिमटीत धरून हलवून बघितला, चाक फिरवलं, आत बोट घालून तेल आहे का बघितलं. "ह्याका मेलो म्हणून कोणी सांगल्यान?" तो म्हणाला. "दांडो हलना नाय, पाती शाबूत, तेल गळाक नाय. काडल्यानी कित्याक ह्याका?" पाच महिन्यांनी मला कोणीतरी हात लावून तपासलं होतं. मला रडता येत असतं, तर मी तिथे रडलो असतो.

घरी येऊन तिने नवऱ्यासमोर भाईला फोन लावला आणि पेटीतला पेंढा, लवूने सांगितलेलं, सगळं ऐकवलं. भाई जराही अडखळला नाही. "मॅडम, उंदीर होता तर होता. पण टर्बो बदलला ते बरंच झालं ना? तो गेलाच असता एक ना एक दिवस."

एक ना एक दिवस! अरे, एक ना एक दिवस तूही जाणार आहेस. म्हणून आजच तिरडी बांधायची का तुझी?

गुरुदास म्हणाले, "जावंदे गो आता. पैशे गेले ते गेले." त्यांना वाटलं, भांडण पैशाचं आहे.

"पैशे ऱ्हवंदेत," कावेरी म्हणाली. "तुमी जेवढ्यांका सांगलात, तेवढ्यांका आता परत सांगूचा. माझ्या समोर. पयला घर कुणकेश्वराक."

"अगो, लोक हसतले."

"माका हसले तेव्हा तुमी चाय पाजीत होतात."

तर असे आम्ही निघालो. कावेरी चालवायला, गुरुदास बाजूला आणि मी त्यांच्या मांडीवर. त्यांची पांढरी पँट माझ्या काजळीने काळी झाली आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. समोर इंजिनात नवा टर्बो शीळ घालत होता. त्याच्यावर माझा राग नाही, तो बिचारा कामाला आलाय.

हौसाबाई ओटीवर बसून होती. गुरुदासांनी मला तिच्यासमोर ठेवलं आणि इकडचं तिकडचं बोलत शेवटी सांगितलं, की टर्बो चांगला होता, पेटीत उंदराने घर केलं होतं. "उंदरान सगळो घोटाळो केल्यान, आये."

हौसाबाईने माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, मग जावयाकडे.

"उंदरान चावी काडून घेवक नाय," ती म्हणाली.

कावेरी आत गेली, पाणी तापत ठेवलं आणि आईचं डोकं धुवायला बसली.

मला आता कोणी गाडीत परत बसवणार नाही, हे मला कळतं. खाऱ्या हवेत बाहेरून गंज धरू लागलाय. भंगारवाला दोनदा विचारून गेला, कावेरीने दिलं नाही. अजून बरीच घरं बाकी आहेत. तुम्हाला एकच सांगणं आहे. गाडीतला एखादा भाग गेला असं कोणी सांगितलं, तर तो मागून घ्या आणि ज्याला कळतं त्याला दाखवा. आणि मेकॅनिकने गाडी बघायच्या आधीच "गाडी कोण चालवतं" असं विचारलं, तर गाडी तिथून परत आणा.

आज आम्ही गणपतकाकांच्या ओट्यावर आहोत. मी पायरीवर ठेवलेला आहे. काका, काकी आणि त्यांच्याकडे आलेले दोन पाहुणे समोर बसलेत. गुरुदास खाली मान घालून सांगतायत, इतक्या हळू, की मलासुद्धा नीट ऐकू येत नाही.

कावेरी त्यांना मधेच थांबवते.

"मोठ्यान सांगा," ती म्हणते. "तेव्हा कसे मोठ्यान सांगी होतात!"