पाहुण्याची टरफलं

क्रॉफिश स्वस्त होते तेव्हा बेल प्रेरी गावात क्लोव्हिस रिशारला कुत्रंही विचारत नव्हतं. भाताच्या खाचरात पाणी तुंबवून चिखलातले हे झिंग्यासारखे नांगीवाले जीव वाढवणारा माणूस तो. अंगाला बारा महिने आमिषाच्या कुजक्या माशांचा वास. चर्चमध्ये त्याच्या बाकावर दोन माणसांची जागा कायम मोकळी असायची. यंदा मात्र बाक खच्चून भरू लागला. असतील शितं तर जमतील भुतं! ज्यांच्या आजीचं नाव क्लोव्हिसने कधी ऐकलं नव्हतं, असे लोक त्याला आजीकडून भाऊ लागू लागले, आणि नातं सांगून झालं की हळूच विचारू लागले, ‘घरच्या माणसाला काय दराने देणार?’

झालं होतं असं, की मागच्या उन्हाळ्यात पावसाने तोंडच दाखवलं नाही. बांध भेगाळले. बांधात बिळं करून बसलेले क्रॉफिश बिळातच वाळून गेले, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून कालव्यातून समुद्राचं खारं पाणी वर चढलं. वसंतात सगळे पिंजरे उपसावेत तेव्हा कुठे पूर्वीच्या एका कोपऱ्याएवढा माल हाती यायचा. दर चढला. तशात ईस्टरआधीचा उपासाचा काळ. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आख्खं गाव पापाचा पश्चात्ताप करत टेबलभर झणझणीत क्रॉफिश फस्त करतं आणि वर थंड बिअर पितं. हा पश्चात्ताप परवडेनासा झाला, तेव्हा लोकांना देव आठवला नाही, क्लोव्हिस आठवला.

मिस विल्डाने तर त्याला चर्चच्या पायरीवरच गाठलं. वयस्क बाईला, लग्न झालेलं असो नसो, गाव मानाने ‘मिस’च म्हणायचं. तिने गावातल्या बायकांचे केस जन्मभर कापले होते. आता पार्लर बंद होतं, पण कात्रीची धार जिभेवर शिल्लक होती.

“काय रे क्लोव्हिस, पिंजऱ्यात आमिष म्हणून सोनं घालतोस का? लूट आहे ही, लूट!”

“मिस विल्डा, पाऊस मी थोडाच पाडतो?”

“पाडत नाहीस ना? मग त्याचे पैसे आमच्याकडून का घेतोस?”

हॉटेलात लोक जे पैसे मोजतात, त्यातले क्लोव्हिसच्या हाती किती येतात, हे सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. मध्ये व्यापारी आहे, ट्रकवाला आहे, हॉटेलवाला आहे, प्रत्येकाचा हात ओला होतो. पण पायरीवर जमलेल्या बायका हसल्या, आणि तो तोंड मिटून गाडीत जाऊन बसला. घरी पोचेपर्यंत त्याचे कान तापलेले होते.

रिशारांच्या घरात महागाईत आणि स्वस्ताईत एकच नियम चालत आला होता. टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून वाफाळते क्रॉफिश ओतले की जो तो मुंडकं मोडतो, रस चोखतो, शेपटीतलं मांस काढतो, आणि प्रत्येकापुढे टरफलांचा ढीग चढत जातो. कुणी किती हाणले ते आंधळ्यालाही कळावं. क्लोव्हिसचा बाप म्हणायचा, “टरफलं बगळ्यांनी मोजावीत. जो पाहुण्याची टरफलं मोजतो त्याच्या घरचं पाणीही पिऊ नये.” अगदी ओढगस्तीच्या वर्षीही बापाने पाहुण्याच्या ढिगाकडे नजर वळवली नव्हती. क्लोव्हिसनेही नाही. श्रीमंती नव्हती, पण हा एक मोठेपणा त्याने जपला होता.

त्याला हवं होतं ते फक्त इंजिन. खाचरातून पिंजरे उपसत फिरणारी त्याची चपटी बोट आता रोज सकाळी दमेकऱ्यासारखी खोकत होती, आणि मध्येच कधी पाण्यात बसून राहील याचा नेम नव्हता. बोट बसली की हंगाम बसला. क्राउली गावातल्या दुकानात जाऊन त्याने नवीन इंजिनावरून हात फिरवला होता, आणि “लवकरच येतो” असं दुकानदारापेक्षा इंजिनालाच सांगितलं होतं. ईस्टरपर्यंतचे हे दोन-तीन चढ्या दराचे आठवडे, तेवढ्यात ते साधायचं होतं.

अशा वेळी बायकोचा भाऊ घरी आला नाही तर तो बायकोचा भाऊ कसला!

रोडनी फ्रुजे विमा विकायचा. गावात ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून विमा घेतला त्यांना तो नकोसा झाला होता, म्हणून आता तो पोलिसप्रमुखाच्या निवडणुकीला उभा होता. स्वयंपाकघरात येऊन त्याने खुर्ची उलटी फिरवली, तिच्यावर ऐसपैस बसला आणि न विचारता कॉफी ओतून घेतली.

“दाजी, गुरुवारी संध्याकाळी मैदानात गावजेवण ठेवलंय. क्रॉफिशचं. शनिवारी मतदान.”

“मोठं मन केलंत मेहुणे.”

“मन माझं, माल तुमचा.” रोडनी खळखळून हसला. “वीस पोती पुरतील.”

क्लोव्हिसला ठसका लागला. “वीस? मतं हवीत का गाव फुगवून मारायचाय?”

“अहो, माझ्याविरुद्ध उभा आहे तो गस लेजर दर शुक्रवारी तळलेला मासा घालतोय लोकांना. मी काय नुसते बटाटे वाढू? आणि तुम्हाला कुठे विकत आणायचेत? घरचंच तर आहे!”

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे खूप पाहिले, पण हलवायालाच तुळस आणायला सांगणारा हा पहिला. क्लोव्हिसने बायकोकडे पाहिलं. अर्लीन चुलीकडे तोंड करून उभी होती. ती एवढंच म्हणाली, “एकुलता एक भाऊ आहे हो माझा.” हे वाक्य ती लग्नापासून मिठासारखं वापरत आली होती, प्रत्येक पदार्थात चिमूटभर.

“घेऊन जा,” क्लोव्हिस म्हणाला. इंजिन त्याच्या डोळ्यांसमोरून हळूहळू मागे सरकत गेलं.

गुरुवारी तो थंड पेटीचा ट्रेलर घेऊन मैदानात आला. वीस पोती जेवणाची, आणि मागे आणखी बरीच, पहाटे व्यापाऱ्याकडे शुक्रवारच्या बाजारासाठी न्यायची. प्रत्येक लाल जाळीच्या पोत्याचं तोंड त्याने स्वतः निळ्या सुतळीने बांधलेलं. त्याची गाठ दुहेरी असते, बापाने शिकवलेली. माल फुकट द्यायचा म्हणजे मजुरीही आलीच. हंड्यांपुढे ढवळायचं लांब वल्हं घेऊन उभा क्लोव्हिसच. मिरचीच्या वाफेने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे तो रडतोय का शिजवतोय हे कुणाला कळत नव्हतं.

गाव लोटलं. शेजारची दोन गावंही लोटली. गसचे कार्यकर्तेसुद्धा आले. मत विरोधात असलं तरी तोंड तटस्थ असतं. मिस विल्डा पहिल्या टेबलावर होती, आणि मुंडकी चोखता चोखता महागाईला शिव्या घालत होती. तिच्यापुढचा ढीग तिच्या हनुवटीला लागायचा बाकी होता.

रोडनीची बायको डार्ला सॉसची बाटली घेऊन टेबलांमधून फिरत होती. सॉस कुणालाच देत नव्हती. तिची नजर एकेका ढिगावरून सरकत होती, ओठ हलत होते, आणि मध्येच ती हंड्यापाशी येऊन म्हणाली, “दाजी, पुढच्या घाण्यात बटाटे जास्त टाका. आणि कणसं. लोक माजलेत.” क्लोव्हिसला त्या बाईची किळस आली. बापाचे शब्द आठवले आणि स्वतःबद्दल जरा बरं वाटलं.

मग रोडनी ट्रकच्या पाठीवर चढला.

“मित्रांनो! आपल्या आजोबांनी हे अन्न गरिबीत खाल्लं. आज त्यांच्या नातवांना ते परवडत नाही. का? कुणीतरी लुटतंय आपल्याला! दुष्काळाचं नाव सांगून कुणीतरी खिसे भरतंय! मी पोलिसप्रमुख झालो की त्या लुटारूची मानगूट धरेन. बेल प्रेरीत क्रॉफिश पूर्वीच्याच दराने मिळतील, हा माझा शब्द आहे!”

उचलली जीभ लावली टाळ्याला. टाळ्यांनी मैदान दणाणलं. रस गळणारे हात टाळ्या वाजवत होते आणि तिखट उडून शेजाऱ्याच्या डोळ्यात जात होतं. पोलिसप्रमुखाला क्रॉफिशचा दर ठरवता येतो का, हे कुणीही विचारलं नाही. दहा-वीस माणसं मात्र मागे वळून हंड्याकडे बघू लागली. मिस विल्डाने तर नांगीनेच क्लोव्हिसकडे बोट दाखवलं.

ज्याचे क्रॉफिश खाता खाता त्याला चोर ठरवलं जात होतं, तो क्लोव्हिस वल्हं हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला संताप आला, अगदी पोटातून आला. मग एकदम त्याचं डोकं थंड झालं. तो वल्ह्यासकट ट्रकपाशी गेला आणि रोडनीच्या शेजारी चढला.

“मेहुणे बोलले ते मला पटलं,” तो मोठ्याने म्हणाला. “पण शब्द दिला तर तो निवडून येईपर्यंत शिळा कशाला करायचा? ट्रेलरमध्ये माल आहे. आत्ता, इथे, पूर्वीच्या दराने घेऊन जा. वरचा फरक रोडनी भरेल. ज्याचा शब्द त्याचा खिसा! काय मेहुणे?”

रोडनीचं हसू चेहऱ्यावर होतं तिथेच थिजलं. समोर सगळे मतदार उभे. तो दात न उघडता पुटपुटला, “दाजी, हे काय चालवलंय?”

“घरचंच तर आहे,” क्लोव्हिस म्हणाला.

“अर्थात!” रोडनीला ओरडावंच लागलं. “अर्थात मी भरणार!”

मग जी पळापळ झाली! उपासाच्या काळात इतक्या चपळाईने गाव कुठल्याही मिरवणुकीत चाललं नव्हतं. म्हातारी माणसं काठ्या टाकून ट्रेलरकडे धावली. कुणी बर्फाची पेटी आणली, कुणी धुण्याची बादली. मिस विल्डा पोती दोन्ही हातांनी ओढत होती आणि “आधी विधवांना द्या” म्हणत होती. तिचा नवरा शेजारीच उभा राहून तिसरं पोतं गाडीत टाकत होता. अंधार पडायच्या आत ट्रेलर धुतल्यासारखा रिकामा झाला. डार्लाने आकडा तीनदा मोजून पाहिला, मग चेक लिहिला, आणि रोडनीने तो हसत हसत दिला. क्लोव्हिसने फरक गुड फ्रायडेच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चढ्या दराने लावला होता, आणि जेवणाची वीस पोतीही त्यातच बसवली होती.

शुक्रवारी सकाळी तो पिंजरे उपसायला गेलाच नाही. सरळ क्राउलीला गेला, आणि इंजिन ट्रकमध्ये घालून शीळ घालत परत निघाला. इतका आनंद त्याला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. तेवढ्यात अर्लीनचा फोन आला. आवाजात मीठ होतंच.

“रोडनी आणि डार्लाला रात्री जेवायला बोलावलंय. काल तुम्ही त्याचं जे केलंत, त्यानंतर निदान एवढं तरी करा. शुक्रवार आहे, येताना एक पोतं घेऊन या.”

पोतं? स्वतःच्या घरी नेण्यासाठी क्लोव्हिस रिशारकडे एक नांगीसुद्धा शिल्लक नव्हती.

जुन्या पेट्रोल पंपापाशी रस्त्याच्या कडेला एक रंगीत छत्री दिसली. छत्रीखाली खुर्ची, खुर्चीत मिस विल्डा, पुढे ओल्या गोणपाटाखाली लाल पोती. पोत्यांच्या तोंडाला निळी सुतळी, दुहेरी गाठ. शेजारच्या पुठ्ठ्यावर दर लिहिला होता. तो वाचून क्लोव्हिस खाली उतरला तो दार उघडं टाकूनच.

“मिस विल्डा, हे माझे क्रॉफिश आहेत!”

“होते. काल पैसे देऊन घेतलेत, तुझ्याच हाताने दिलेस.”

“अहो, पण हा दर? हॉटेलातसुद्धा इतका नाही! लूट आहे ही, लूट!”

“पाऊस मी थोडाच पाडते?” मिस विल्डा पंख्याने वारा घेत म्हणाली. “घ्यायचं तर घे. तुझ्यामागे गाडी थांबलीय.”

खरंच थांबली होती. क्लोव्हिसने पाकीट काढलं. जितका दर त्याला आयुष्यात कुणी दिला नव्हता, तितका त्याने आपल्याच पोत्याला दिला. तेवढ्याने जळजळ थांबेना, म्हणून म्हणाला, “निदान उद्या मत तरी रोडनीला द्या. त्याच्याच पैशावर हे दुकान मांडलंयत.”

“रोडनीला?” तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “अरे बाबा, ज्याला त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने भर मैदानात लुटलं, आणि ज्याने वर हसत हसत चेक दिला, तो चोर काय पकडणार?”

गावाचंही मत तेच होतं, हे शनिवारी रात्री कळलं. गस लेजर निवडून आला. पण त्याआधी शुक्रवारचं जेवण व्हायचं होतं.

अर्लीनने टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली. क्लोव्हिसने हंडा उपडा केला. वाफ उठली, लसूण-लिंबाचा वास घरभर झाला, आणि रोडनी बाह्या सरसावून पुढे सरकला. माणूस लुटला गेला तरी भूक लुटली जात नाही.

“काल माझं दिवाळं काढलंत दाजी,” तो मुंडकं मोडत म्हणाला, “पण जाऊ दे. मी मनात ठेवत नाही. आणि आज तरी पोटभर खाईन म्हणतो. इथे काय, घरचंच तर आहे!”

“खा रे, पोटभर खा,” अर्लीन म्हणाली.

रोडनी खात राहिला. मोडायचं, चोखायचं, सोलायचं, टरफल बाजूला. त्याच्यापुढचा ढीग वाढत होता. क्लोव्हिसने स्वतःच्या पानाकडे बघायचा प्रयत्न केला. खिडकीबाहेर बघायचा केला. बाहेर ट्रकमध्ये नवीन इंजिन होतं. बापाची आठवण काढून पाहिली. पण डोळे काही ऐकेनात.

“काय हो, काय पुटपुटताय?” अर्लीनने विचारलं.

“शुक्रवार आहे,” क्लोव्हिस म्हणाला. “प्रार्थना म्हणतोय.”

रोडनीने पुढचा उचलला. चव्वेचाळीस.