एकवीस मोदकांचं कारण

खोटं बोलताना निशिकांतचे कान लाल होतात. राधिकाने पहिल्यांदा केलेल्या आमटीचं त्याने तोंड भरून कौतुक केलं होतं, तेव्हाच तिला हे कळलं. त्यामुळे टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप मिटून तो उठला, तेव्हा तिने आधी कान पाहिले.

“काय लिहिलंत?”

“ड्रग्ज कधी घेतलीत का, असं विचारलंय. नाही म्हटलं.”

“आणि हॉस्टेलवरचा गांजा?”

“अगं, तो गांजा होता. ड्रग्ज कुठे?”

निशिकांत मरीन इंजिनियर. निम्मं आयुष्य बोटीवर गेलं. गेली दोन वर्षं मात्र तुआसच्या यार्डात काँट्रॅक्टवर होता, आणि ते आता संपत आलं होतं. तिथेच नौदलाच्या बोटींच्या दुरुस्तीची कायमची जागा निघाली होती, पण तिला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी चौकशीनंतरची मंजुरी हवी; फॉर्म त्याचाच होता. ती मिळाली नाही तर पुन्हा समुद्र. राधिकाला त्याच्या घोरण्याची आत्ता कुठे सवय झाली होती.

फॉर्मवर ओळखीतला माणूस म्हणून त्याने रवींद्रदादांचं नाव दिलं होतं. ते हॉस्टेलवर त्याचे सीनियर, आणि इथल्या मंडळात सगळ्यांचेच. निश्याने नैवेद्याचे एकवीसच्या एकवीस मोदक एकट्याने कसे फस्त केले, हा किस्सा ते दर गणपतीत माइकवरून सांगत. एवढी भूक कशाने लागली होती, तेवढं गाळत.

रविवारी दोघं सेम्बावांगला त्यांच्याकडे गेले, गांजाचं कुणाला बोलू नका म्हणून सांगायला.

“हात्तिच्या! एवढंच ना?” दादांनी चिवड्याची बशी पुढे सरकवली. “मला विचारू दे तर खरं. सांगतो, हा सुपारीसुद्धा खात नाही!”

निशिकांत मोकळं हसला. निघताना दादा लिफ्टपर्यंत आले, त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “आमच्या प्रसन्नला तुझ्या यार्डात चिकटव की इंटर्न म्हणून. तेवढं करशीलच तू. काय?”

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण निशिकांत एमआरटीच्या डब्यात बसल्यावरही तो खांदा चोळत होता.

“दादा चांगले आहेत हो,” राधिका म्हणाली. “म्हणून प्रसन्नवर भागलं. उद्या दुसऱ्या कुणाला कळलं आणि त्याने बोटीची माहिती मागितली तर?”

सोमवारी त्याने स्वतःच क्लिअरन्सच्या ऑफिसात फोन केला, आपण चुकीचं लिहिलंय म्हणून.

मुलाखतीत अधिकारी बाईंनी गांजाबद्दल फार विचारलं नाही. केव्हा? कॉलेजात, भारतात, इकडे यायच्या कितीतरी आधी. नंतर कधी? नाही. मग त्या फॉर्मवरच्या ‘नाही’ला धरून बसल्या. आधी खोटं का लिहिलंत? लाज वाटली म्हणून. आणखी कुणाला माहीत आहे? कुणाला लपवायला सांगितलंत? त्याने चिवड्यासकट सगळं सांगितलं.

“कान?” राधिकाने घरी विचारलं.

“गार होते,” तो म्हणाला.

क्लिअरन्स मिळाला नाही. कारण कळवलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती. एजंटने बोट शोधून दिली.

बॅग भरताना त्याने लेकीला, तन्वीलाही सांगून टाकलं. एवीतेवी सरकारला माहीत झालं होतं, पोरीने काय घोडं मारलंय!

“बाबा, फर्स्ट टाइमच येस म्हणायचं ना, लाह!” ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

“हो. तेच चुकलं.”

ती घड्या घालता घालता थांबली. “म्हणजे ते मोदक... ओ माय गॉड! आणि रवींद्र अंकल ती स्टोरी माइकवर सांगतात? एव्हरी इयर? सगळ्या आज्यांसमोर?” ती हसत सुटली आणि हसता हसता मटकन बॅगेवरच बसली. निशिकांतही हसू लागला.

“अशीच बसून राहा,” राधिका वाकून म्हणाली. “केव्हाची चेन लागत नव्हती.”