मोटार नवी, खापर माझ्यावर

मी साखर पेठेतला एक यंत्रमाग बोलतोय. मोठ्यानेच बोलतोय, कारण हळू बोलणं मला जमत नाही आणि आमच्या गल्लीत हळू बोललेलं कुणाला ऐकूही येत नाही. गेल्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला, माझ्याबद्दल पेठेत वाट्टेल ते बोललं गेलं. म्हणे मी म्हातारा झालो, अपशकुनी आहे, नवी मोटार बघून रुसून बसलो. रुसायला मी काय दिवाळसणाला आलेला जावई आहे? खरं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐका.

माझा जन्म मुंबईकडच्या एका ओतशाळेतला. भिवंडीत काही वर्षं कापड विणलं, मग एक दिवस मला खोलून ट्रकमध्ये घातलं. टेंभुर्णीला ट्रकवाला चहा प्यायला उतरला, तेव्हा टपरीवरच्या एकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "भंगार कुटं चाललंय?" तेव्हापासून त्या शब्दाची मला चीड आहे.

ते भंगार सोलापुरात आलं आणि तेरा वर्षं चादरी विणत राहिलं. मालक गुरुबसप्पा. पत्र्याच्या छपराखाली चार माग, त्यातला भिंतीकडचा मी. मला पहिल्या दिवसापासून मकदूमने चालवलं. माझ्या खडखडाटापायी त्याचा उजवा कान गेला; तेव्हा त्याने माझ्या नावाने एक शिवी हासडली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आला. ऐकू येत नाही म्हणून तो माझ्या कुशीवर तळहात ठेवतो. कुठे काय दुखतंय ते त्याला हाताला कळतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. माझ्या पोटाखाली एक आडवी सळई आहे आणि तिला एक लोखंडी बोट आहे. आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा माझ्या टोकाच्या पेटीत नीट शिरला, की हे बोट वर उचललं जातं आणि मी चालत राहतो. धोटा शिरला नाही, तर बोट खालीच राहतं, ठोकळ्यावर आपटतं आणि मी धाडकन थांबतो. याला खटका म्हणतात. मी थांबलो नाही, तर मध्येच अडकलेला धोटा शेकडो उभे धागे ताडताड तोडून टाकील आणि ते जोडता जोडता माणसाचे दोन दिवस जातील. म्हणजे थांबणं हेसुद्धा माझं कामच आहे. पण कामाचं थांबणं माणसांना ओळखू येत नाही.

चारही माग एकाच इंजिनावर पट्ट्यांनी चालायचे. गेल्या वर्षी गुरुबसप्पांनी ठरवलं, प्रत्येक मागाला स्वतंत्र विजेची मोटार लावायची. आधी एकावर बघू म्हणाले, आणि तो एक मी. हिरवीगार, चकचकीत मोटार आली. तिच्यापुढे मालक हळूच बोलायचे, आणि तेरा वर्षं राबलेल्या मला मात्र चपलेने ढोसायचे.

खंडेनवमीला पूजा झाली. आमच्याकडे धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या मल्लव्वाने झेंडूचा पाच हात लांब हार ओवला, तोही चादरीच्या चौपदरी सुतात. दरवर्षी हार माझ्या डोक्यावर असतो. त्या वर्षी मालकांना हौस आली. "मोटार आन् माग, दोघांची जोडी. दोघांना एकच हार!" असं म्हणत त्यांनी हार मोटारीला गुंडाळला, माझ्या पोटाखालून ओढून घेतला आणि जी पहिली सळई हाताला लागली तिला करकचून दुहेरी गाठ मारली. लोखंडी बोटासकट. वर बजावलं, "कोजागरीपर्यंत हाराला कुणी हात लावायचा न्हाय." मला ओरडावंसं वाटलं, पण बंद असताना मला बोलता येत नाही.

दसऱ्याला गल्ली गोळा झाली. पेढे आले. बटण दाबलं, मोटार गुणगुणली, धोटा सुटला, पेटीत शिरला, पण बांधलेलं बोट काही उचलेना. धाड! मी थांबलो. पुन्हा बटण, पुन्हा धाड. गुरुबसप्पांचा चेहरा उतरला. "अय्यो, ऐन मुहूर्ताला!" कुणीतरी मागून म्हणालं, "अपशकुन हो." पेढे तसेच डब्यात राहिले.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. त्याने तारा उलटसुलट केल्या, तर मोटार उलटी फिरली. परत सुलट्या केल्या. पट्टा ताणला, चाक बदललं, मला तेलाने आंघोळ घातली. धाड, धाड, धाड! आणि एवढं सगळं करताना तो भला माणूस हाराला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून वावरत होता. हसावं की रडावं तेच मला कळेना.

शेवटी हात पुसत तो म्हणाला, "मोटारीत कायबी दोष न्हाय. माग जुना झालाय. त्यो खटका कापून टाका, मग बघा कसा पळतोय."

"खटका न्हाय कापायचा," मकदूम म्हणाला. तो साधं बोलला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं.

"मग विकतो भंगारात," मालक चिडले. "सकाळी गाडेवाला येईल. बाकीच्या तीन मागांवर माणसं हायेत मकदूम, तुझं तू बघ."

म्हणजे बघा, नुसती मान हलवली असती तर त्याचं काम टिकलं असतं. घरी बायको जुलेखा होती, दोन पोरी होत्या. तरी तो म्हणाला, "तेरा सालात ह्यो उगं कदीच थांबला न्हाय. मी कापू देणार न्हाय." माझ्या बाजूने आजवर कुणी असं बोललं नव्हतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी तो आला. मोटार बंद ठेवून त्याने मला हाताने फिरवलं. धोटा स्वतः पेटीत सारून बघितला. बोट उचलेना. मग त्याने सळईवरून तळहात फिरवत नेला आणि हात झेंडूच्या फुलांवर येऊन थांबला. तो तिथेच खाली बसला.

तेवढ्यात मल्लव्वा आली. "काय झालं, भाई?"

"हार," तो म्हणाला. "हारानं बांधलाय त्याला."

"अय्यो शिवा! थांबा, मी कापते."

"नको, आक्का. मी हात लावला तर गाव बोलंल, तू लावलास तर मालक बोलतील. ज्यानं गाठ मारली त्यालाच सोडू दे."

भंगाराचा हातगाडा दारात लागला. मागोमाग गुरुबसप्पा आले.

"मालक, ही गाठ सोडा," मकदूम म्हणाला.

"कोजागरीपर्यंत न्हाय म्हणून सांगितलं की!"

"मग मलाबी गाड्यावर घाला, ह्याच्यासंगं."

मल्लव्वा कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "हार मी ओवलाय, मालक. हत्ती बांधला तर हलणार न्हाय असलं सूत हाय. माग कुटनं हलंल?"

मालकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मकदूमकडे. मग गुडघ्यावर बसून माझ्या पोटाखाली डोकं घातलं. गाठ बोटांनी सुटेना. शेवटी ती त्यांना दातांनी सोडावी लागली. बाहेर आले तेव्हा मिशीला झेंडूची पाकळी चिकटली होती. कुणी हसलं नाही, म्हणजे मी सोडून.

बटण दाबलं. धोटा सणसणत गेला, पेटीत शिरला, परत आला. खटाखट, खटाखट! मकदूमने माझ्या कुशीवर तळहात ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. गाडेवाल्याने विचारलं, "मग मी काय नेऊ?" मालकांनी त्याला दसऱ्याचे पेढे दिले. शिळेच होते.

आज मी त्याच मोटारीवर चालतोय. आता माझ्यासारख्यांच्या वतीने एवढंच सांगतो: आम्ही थांबलो की चपलेने ढोसू नका आणि खटकाही कापू नका. आपल्याच हाताने आम्हाला काय बांधून ठेवलंय, ते आधी वाकून बघा. आणि भंगार म्हणायचं असेल तर जरा लांब उभं राहून म्हणा. माझा धोटा जोरात सुटतो.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. गुरुबसप्पा हार घेऊन माझ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मकदूम, हार कुटं बांधू?"

मकदूमने मुद्दाम उजवा कान पुढे केला. "काय म्हणालात, मालक?"

गुरुबसप्पांना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुन्हा विचारावं लागलं. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, पण मी बंद होतो ना!